तीन नंबरचा बावटा

जूनमधली एखादी संध्याकाळ. हवामान खात्याचा नकाशा फोनवर येतो आणि त्यात ठाणे जिल्हा नारिंगी रंगवलेला असतो. मीरा रोड-भाईंदरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तो फिरायला लागतो. एकाने टाकलेला दुसऱ्याने बघितलेला नसतो, म्हणून तोही टाकतो. ‘उद्या शाळा आहे का?’ हा पहिला प्रश्न, दुसरा दूधवाल्याबद्दल. मग कुणीतरी २००५ सालचा, रुळांवरून चालत निघालेल्या माणसांचा फोटो टाकतो आणि सगळे एकदम गंभीर होतात. खिडकीबाहेर त्या वेळी बहुधा स्वच्छ ऊन असतं, फार तर एका कोपऱ्यात मळभ. पावसाचा पत्ता नाही आणि जीव मात्र खालीवर व्हायला लागलेला.

हवेचा मनावर परिणाम होतो हे सांगायला कुणी पंडित नको. आभाळ भरून आलं की काहींना भजी आठवतात, काहींना गळका पत्रा. मला कुतूहल आहे ते जरा वेगळ्या गोष्टीचं. हवा बदलायच्या आधीच, ती बदलणार आहे एवढ्या नुसत्या बातमीने आपला मूड बदलतो. ही सवय आपल्याला लागली कधी? ही धास्ती आभाळातून पडलेली नाही. तिला घराणं आहे, आणि त्या घराण्यातले बरेच पूर्वज भाईंदरच्या पंचक्रोशीतच सापडतात.

सगळ्यांत जुना पूर्वज म्हणजे आगोट. पावसाळ्याच्या तोंडावर करायची बेगमी. उत्तन, पाली, चौकच्या कोळीवाड्यांत, तशीच राई, मुर्धा, मोर्व्याच्या आगरी घरांत मे महिना या कामातच सरायचा. सुके बोंबील, सुकट, जवळा डब्यांत भरायचा. मिठाची पोती, कांद्याच्या माळा, मिरच्या कुटून मसाला, सरपण कोरड्या कोपऱ्यात. कौलं फिरवून घ्यायची, कुडाला झाप बांधायचे, होडी ओढून वर घ्यायची. पुढे तीन-चार महिने समुद्र बंद आणि वाटा चिखलाच्या. जे काय खायचं ते घरातलंच.

पाऊस नेमका कधी आणि किती, हे पंचांग सांगे. गुढीपाडव्याला वर्षफळ वाचलं जाई आणि प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचं वाहन कळे. बेडूक, म्हैस, हत्ती निघाला की समाधान. कोल्हा किंवा मेंढा निघाला की कपाळाला आठी. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत ऐकवतात, तेही याच कुळातलं. खरं-खोटं घटकाभर बाजूला ठेवू. या सगळ्या परंपरेत मूड होता तो पावसाला. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनांचा. लहरीपणा सगळा आभाळाच्या माथी मारला होता. आणि सासू तापलेली आहे असं कळल्यावर शहाणी सून जे करते तेच माणसं करत, आपापलं काम.

तेव्हा भीती नव्हती असं मी म्हणत नाही. बरीच होती. अंदाज आजच्यापेक्षा कितीतरी कच्चा होता आणि चुकला तर मोजावी लागणारी किंमत फार मोठी. पण त्या भीतीच्या हाताला काम होतं. संपूर्ण मे महिनाभर माणसं घाबरलेली असत आणि त्याच वेळी कांदे बांधत असत.

एकाच आभाळाचा अर्थ सगळ्यांना एकच लागत नाही, हे भाईंदरला मिठागरांनी शिकवलं. आज स्टेशनवर उतरणाऱ्याला मिठागरं म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिसणारी, टॉवर्सच्या मधली पडीक सपाट जमीन वाटते. ती चालू होती तेव्हाचं काम असं. भरतीचं पाणी खाडीतून उघाडीने आत घ्यायचं. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं फिरवत न्यायचं. उन्हाने ते आटत, जड होत जातं आणि शेवटच्या उथळ वाफ्यांत मीठ धरायला लागतं. ते लाकडी फळ्यांनी ओढून बांधावर ढीग घालायचे. हंगाम हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत. या कामाला लागतं काय? रखरखीत ऊन, कोरडा वारा आणि निरभ्र आकाश. ज्या दिवशी मुंबईकर उकाड्याने हैराण होऊन आभाळाकडे डोळे लावतो, तो मिठागरावरच्या माणसाचा सोन्याचा दिवस. आणि मार्च-एप्रिलमधली वळवाची जी सर आली की सगळं शहर खिडक्या उघडून मातीचा वास घेतं, ती याच्या महिन्याभराच्या कष्टाचं अर्ध्या तासात परत पाणी करते. मराठीत पावसावर जेवढं लाडाने लिहिलं गेलं, ते बहुतेक डोक्यावर पक्कं छप्पर असलेल्यांनी. मिठागराच्या बांधावर बसून कुणी लिहिलं असतं, तर आपल्या पाठ्यपुस्तकांतला पहिला पाऊस थोडा निराळा असता.

दुसरा पूर्वज इंग्रजी कपड्यांतला. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याला वेधशाळा उभारली. मूळ हेतू ग्रहताऱ्यांची निरीक्षणं आणि जहाजांसाठी अचूक वेळ. १८४१ पासून तिथे चुंबकीय आणि हवेच्या नोंदी नियमित घेतल्या जाऊ लागल्या. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर या वेधशाळेचे संचालक होते आणि तरुण केरो लक्ष्मण छत्रे तिथे निरीक्षणं घेत. हेच केरूनाना पुढे पटवर्धनी पंचांगाचे कर्ते झाले. जुन्या कोष्टकांवरून काढलेले ग्रह आकाशात त्या जागी दिसत नाहीत, म्हणून त्यांनी गणितच नव्याने केलं आणि १८६५ पासून सुधारलेलं पंचांग निघू लागलं. वेधशाळेत उपकरणांवरचे आकडे टिपणारा आणि पंचांगात नक्षत्रं मांडणारा माणूस एकच होता. या दोन गोष्टींत हाडवैर आहे असं ते एकाच टेबलावर हाताळणाऱ्याला वाटलं नव्हतं.

पण नोंदी घेणं वेगळं आणि इशारा देणं वेगळं. इशाऱ्याचा जन्म बंगालमधला. ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं, समुद्राचं पाणी हुगळीतून आत शिरलं आणि हजारो माणसं गेली. दुसऱ्याच वर्षी कलकत्ता बंदरात वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था सुरू झाली. भारतीय हवामान खातं स्थापन झालं ते १८७५ मध्ये. म्हणजे आपल्याकडे इशारा आधी आणि खातं नंतर. हळूहळू ही व्यवस्था इतर बंदरांत पसरली आणि १८९८ साली देशभरातल्या बंदरांसाठी एकसारख्या खुणा ठरल्या. त्याच थोड्याफार फरकाने आजही चालू आहेत.

कोकण किनाऱ्यावर यालाच बावटा म्हणतात. बावटा म्हटलं तरी ते फडकणारं निशाण नव्हे. दिवसा खांबावर काळे शंकू आणि पिंपाच्या आकाराची नळकांडी चढवायची, रात्री लाल-पांढरे दिवे. एक नंबर आणि दोन नंबर दूरच्या समुद्रातल्या गडबडीचे. तीन नंबर म्हणजे बंदरावरच सोसाट्याचा वारा सुटण्याची शक्यता. तिथून वर दहापर्यंत धोका चढत जातो. सगळ्यांत वरचा अकरा नंबर मात्र वादळाचा नाहीच. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा, असा त्याचा अर्थ. ज्याने कुणी ही यादी केली त्याला माणसाचा स्वभाव चांगला कळत असावा. वादळापेक्षा वरची पायरी त्याने बातमी नसण्याला दिली.

उत्तनच्या माणसाला ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ एवढं पुरे. पावसाळ्यात तो इतक्यांदा लागतो की त्याने कुणाची झोप उडत नाही, पण होड्या किनाऱ्याला राहतात. आणि बावट्याचं एक वैशिष्ट्य असं की तो सगळ्यांसाठी नव्हता. ज्याची होडी त्याच्यासाठी. मुंबईत गिरणीत जाणाऱ्याला, दादरच्या शाळामास्तराला बंदरावर आज कोणता शंकू चढला आहे याची गंधवार्ता नसे, आणि त्याचं काही अडतही नसे.

शहरातल्या माणसाचं वेधशाळेशी नातं जुळलं ते थट्टेचं. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपल्या आजोबांनी केला आणि त्यांच्याही आजोबांनी केला असणार. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरच्या बर्फावरून मान्सूनचा अंदाज बांधायला सुरुवात केली आणि १८८६ पासून तो रीतसर दिला जाऊ लागला. पुढे १८९९ साली जॉन एलियट यांच्या काळात चांगल्या पावसाचं भाकीत केलं गेलं आणि पडला तो ‘छप्पनचा’ म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ. वर्तमानपत्रांनी इतकं फैलावर घेतलं की काही वर्षं हा अंदाज गोपनीय ठेवायची वेळ आली. पावसाचा अंदाज सरकारी कपाटात कुलूपबंद! १९०४ साली गिल्बर्ट वॉकर आले आणि त्यांनी पॅसिफिक महासागराच्या दोन टोकांच्या हवेच्या दाबाचं झोकांड्या खाणं शोधून काढलं, तेव्हा कुठे या विषयाला गणिताचा पाया मिळाला. तरी थट्टा थांबली नाही. मला ती थट्टा आरोग्याची खूण वाटते. अंदाज ऐकायचा, हसायचं आणि आभाळ बघून निघायचं.

या घराण्यात दोन विचित्र माणसं, म्हणजे दोन विचित्र घटना आहेत. जगातल्या सर्वांत संहारक वादळांच्या याद्यांत ‘१८८२ चं मुंबईचं महाचक्रीवादळ’ अनेक वर्षं दिमाखात वावरत होतं, जून महिना आणि लाखभर बळी. अलीकडे अभ्यासकांनी त्या काळच्या नोंदी आणि वर्तमानपत्रं चाळली तेव्हा असं काही वादळ सापडेना. लाख माणसं मेली आणि शहराच्या कागदपत्रांना पत्ता नाही, हे शक्यच नव्हतं. न झालेल्या वादळाची बातमी शंभर वर्षं पुरली.

उलट बाजूला रामदास बोट. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. सणासाठी घरी निघालेल्या कोकणी माणसांनी भरलेली बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटली आणि रेवसला पोचायच्या आधीच वादळी लाटांत कलंडली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून जमतील तेवढ्यांना वर काढलं. धक्क्यापासून फार लांब नव्हतं ते ठिकाण, पण मुंबईला याची खबर कित्येक तास नव्हती. इकडे दुकानं उघडली, कचेऱ्या भरल्या, लोकांनी पावसाला नेहमीच्या शिव्या घातल्या. बातमी आल्यावर काय झालं ते रायगड-रत्नागिरीतल्या घराघरांत पुढे दोन पिढ्या सांगितलं जात होतं. आषाढातल्या काळ्या ढगाकडे बघण्याची त्या गावांची नजर त्या दिवशी बदलली. पण ती बदलली घडलेल्या गोष्टीमुळे.

नंतर रेडिओ घरोघर पोचला. आकाशवाणीवर मच्छीमारांसाठी इशारा सांगितला जाई आणि बावटा खांबावरून उतरून होडीतल्या ट्रान्झिस्टरमध्ये गेला. बाकीच्यांसाठी बातम्यांच्या शेवटी ‘आकाश अंशतः ढगाळ राहील, पावसाच्या एक-दोन सरी’ हे वाक्य वर्षानुवर्षं तसंच्या तसं. ते ऐकायला कुणी कान देत नसे, कारण बातम्या संपल्या हे कळण्यापुरताच त्याचा उपयोग होता.

हे सगळं मोडलं ते २६ जुलै २००५ ला. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. एका शहराच्या दोन वेधशाळांमध्ये एवढा फरक! दक्षिण मुंबईतल्या कचेरीत बसलेल्याला दुपारी साधा पाऊसच दिसत होता. तो संध्याकाळी घरी निघाला आणि वांद्र्याच्या पुढे जगच नव्हतं. पश्चिम रेल्वेवरून बोरिवली, मीरा रोड, भाईंदर, विरारकडे जाणारे लाखो लोक अडकले. रुळांवरून, हायवेवरून कमरेएवढ्या पाण्यातून चालले. मोबाइलची जाळी कोलमडली. मुंबईत चारशेहून अधिक, राज्यात हजाराहून अधिक माणसं गेली.

भाईंदरला त्या दिवसाचा घाव वेगळा बसला. हे गाव तोवर झपाट्याने शहर झालं होतं. १९८५ मध्ये नगरपरिषद, २००२ मध्ये महापालिका, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर. यातली बरीच माणसं दिवसा इथे नसतात. ती लोकलच्या दुसऱ्या टोकाला असतात. मुलं आणि म्हातारी माणसं खाडीजवळच्या सखल जमिनीवरच्या इमारतीत, आणि कमावणारी माणसं तीस-चाळीस किलोमीटरवर. पावसाची भीती म्हणजे पाण्याची भीती नव्हे, ताटातुटीची भीती, हे इथल्या माणसाला त्या रात्री कळलं. कोळणीला ते पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. नवरा समुद्रात आणि आभाळ काळं झालेलं, ही अवस्था आता पहिल्यांदा टॉवरमधल्या सातव्या मजल्यावर आली.

त्यानंतर थट्टा संपली. मला नेमकी हीच जागा महत्त्वाची वाटते. वेधशाळेवर हसणारा माणूस वेधशाळेवर चिडायला लागला. आधी का सांगितलं नाही, हा प्रश्न विधानसभेपासून रिक्षा स्टँडपर्यंत विचारला गेला आणि तो रास्तच होता. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. डॉपलर रडार आलं, स्वयंचलित पर्जन्यमापक ठिकठिकाणी लागले. अंदाज खरोखर सुधारले. आणि इशारे मुक्त हस्ताने मिळू लागले, कारण न दिलेल्या इशाऱ्याची किंमत सगळ्यांना कळली होती. जास्त दिलेल्या इशाऱ्याची किंमत कुणी मागत नाही.

मग रंग आले. हिरवा म्हणजे काही नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे कृती करा. हे रंग मुळात जिल्हाधिकारी, महापालिका, आपत्ती व्यवस्थापनवाल्यांसाठी. पंप कुठे लावायचे, शाळा बंद ठेवायच्या का, माणसं कुठून हलवायची, हे त्यांनी ठरवावं म्हणून. पण फोनवर येताना पत्ता पुसला गेला आणि प्रत्येक बावटा प्रत्येकाच्या नावाने आला. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, निवृत्त, कुठेही जायचं नसलेल्या आजोबांना सकाळी सात वाजता ‘कृती करा’ असं सांगितलं तर त्यांनी काय करावं? ते टीव्ही लावतात. टीव्हीवर पाणी तुंबलेला हिंदमाता चौक दाखवतात. ते मुलाला फोन करतात, तो मीटिंगमध्ये असतो. दुपारपर्यंत आजोबांचं ब्लडप्रेशर वाढलेलं असतं आणि ऊन पडलेलं असतं. कोळ्याची भीती घरोघर वाटली गेली. त्याची नजर आणि त्याचं काम वाटलं गेलं नाही.

रंगांत आणखी एक भानगड आहे, खास भाईंदरची. इशारा जिल्हावार असतो. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्याचं पश्चिमेचं टोक, अगदी समुद्राला लागून. पूर्वेचं टोक म्हणजे शहापूर आणि मुरबाड, सह्याद्रीच्या पायथ्याला. २०१४ पर्यंत तर जव्हार-मोखाडाही याच जिल्ह्यात होते. घाटाखाली धो धो कोसळणारा पाऊस आणि उत्तनच्या कातळावरचा पाऊस यांचा एकच रंग. दहिसरचा नाका ओलांडला की मुंबईचा दुसरा रंग, खाडी ओलांडली की पालघरचा तिसरा. मुरलेला भाईंदरकर तिन्ही रंग बघतो आणि शेवटी अंधेरीला गाड्या किती उशिराने धावताहेत ते विचारतो.

हवेचा मनावर परिणाम किती, यावर अमेरिकेत एक जुना प्रयोग आहे. १९८३ मध्ये नॉर्बर्ट श्वार्झ आणि जेराल्ड क्लोर यांनी लोकांना कधी उन्हाच्या तर कधी पावसाच्या दिवशी फोन करून विचारलं, की एकूण आयुष्यात तुम्ही किती समाधानी आहात. पावसाच्या दिवशी लोक आयुष्याबद्दलच नाराज निघाले. पण फोन करणाऱ्याने आधी सहज ‘तुमच्याकडे हवा कशी आहे?’ एवढं विचारलं, तर ती नाराजी गळून गेली. मरगळ पावसामुळे आहे हे ध्यानात आलं की तिचं खापर आयुष्यावर फोडावंसं वाटत नाही. पुढे २०१३ मध्ये दहा लाखांहून अधिक अमेरिकनांची माहिती तपासली तेव्हा रोजच्या हवेचा समाधानावर भरवशाचा परिणाम दिसलाच नाही. त्या दहा लाखांत भाईंदर लोकलला लटकणारं कुणी नसावं, हे मान्य. तरी पहिल्या प्रयोगातली ती चौकशी मला पटते. आपल्याकडे अनोळखी माणसाशी ‘काय उकडतंय हो!’ म्हणून बोलायला सुरुवात करतात, त्यातून हेच साधत असावं. अलर्ट याच्या उलट काम करतो. तो बाहेरची हवा कशी आहे हे विचारतच नाही.

अर्थात सगळ्यांनाच तो फुकटचा त्रास नसतो. दर मे महिन्यात महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. भाईंदरच्या जुन्या, खाऱ्या हवेने लोखंड फुगलेल्या इमारतींवर नोटिसा लागतात. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा. पण रिकामी करून जायचं कुठे, भाडं कोण देणार, पुनर्विकासात आपली खोली कागदावर राहील का, हे कळल्याशिवाय लोक हलत नाहीत. अशा इमारतीत रात्री पावसाचा जोर वाढला की माणूस छताकडे बघत जागा राहतो. पाऊस त्याच्या मूडवर परिणाम करतो असं म्हणणं म्हणजे त्याची चेष्टा. उरलेल्या इमारतींच्या गच्च्यांवर मेअखेर निळं प्लास्टिक ताणलं जातं, पागोळीखाली बादल्या येतात. आगोट पार मेलेली नाही. कांद्याच्या माळेच्या जागी वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आलं आहे आणि त्यावरून सोसायटीच्या सभेत भांडणं होतात. भांडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर अलर्टची धास्ती मी कधी पाहिलेली नाही. त्यांना काम असतं.

आता तर वेळापत्रकच हललं आहे. मान्सून मुंबईत साधारण ११ जूनला येतो असं धरतात. २०२५ मध्ये तो २६ मेला आला, पाऊणशे वर्षांत सर्वांत लवकर. कुलाब्याने मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ चा विक्रम मोडला. ज्यांची आगोट मेच्या शेवटच्या आठवड्यावर टाकलेली असते त्यांच्या हातून तो आठवडाच गेला. यंत्राच्या होड्यांना मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. शेवटचे पंधरा दिवस जाळं टाकून, वाळवून, विकून कर्जाचा हप्ता भरायचा असा हिशोब असतो, आणि त्याच पंधरा दिवसांत पाऊस. हंगामाच्या दुसऱ्या टोकालाही तेच. अरबी समुद्रातली चक्रीवादळं अलीकडच्या दशकांत वाढली आहेत, असं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळं लागोपाठ आली. दोन्ही इथे धडकली नाहीत, पण ऐन हंगामात होड्या किनाऱ्याला बांधून राहिल्या. वादळ न येताच नुकसान करून गेलं.

उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवतात ते बांबूच्या उंच मांडवांवर. आडव्या दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात, दोन्ही बाजूंना एकेक लोंबतं. ओला बोंबील जवळजवळ पाणीच असतो. कडक ऊन आणि वारा असेल तर दोन-तीन दिवसांत तो लाकडासारखा वाळतो. मध्ये एक सर आली की भिजतो, मऊ पडतो, वास मारायला लागतो आणि भाव जातो. नोव्हेंबरातल्या एका दुपारी तिथे उभा होतो. क्षितिजावर ढग जमत होते. फोनवर पिवळा इशारा आला, तो मी दोऱ्यांखाली काम करणाऱ्या एका बाईंना दाखवला.

“मावशी, यलो अलर्ट आलाय.”

“पिवला का लाल ते मला नको सांगू,” त्या म्हणाल्या. “परवापर्यंत ऊन हाय का, ते सांग.”

मी परवाचं पान उघडलं. पावसाची शक्यता चाळीस टक्के. तेवढंच सांगितलं. त्यांनी एका बोंबलाची शेपटी बोटांत दाबून पाहिली, समुद्राकडे तोंड करून वारा कुठला आहे ते घेतलं आणि शेजारणीशी दोन शब्द बोलल्या. मग वाऱ्याकडच्या मांडवावरचे, आदल्या दिवशी घातलेले बोंबील त्यांनी उतरवायला घेतले, सकाळचे ओले तसेच राहू दिले, आणि मुलाला ताडपत्री आणायला हाक मारली.